थाई लोक आणि हो छी

"तू जाड झालीस!"

सोमवारची सकाळ, ऑफिसची लिफ्ट. पंधरा दिवस डोंबिवलीला आईच्या हातचं हादडून हाँगकाँगला परतलेली माझी मावसबहीण. समोर तिच्याच टीममधली मुलगी, एकदम हसतमुख. गुड मॉर्निंग नाही, सुट्टी कशी झाली नाही. थेट, "फेय चॉ!" 'फेय' म्हणजे जाड, आणि 'चॉ' म्हणजे ते काम होऊन गेलं, खल्लास! लिफ्टमधल्या आणखी तिघांनी वळून बघितलं आणि माना डोलावल्या. हो, झालीये खरी.

ताई बाराव्या मजल्यावर उतरली ती थेट वॉशरूममध्ये. आरशात पुढून बघितलं, बाजूने बघितलं. मग तीन दिवस लंचला नुसतं सॅलड.

आता गंमत बघा. हेच वाक्य आपली आत्या लग्नाच्या हॉलमध्ये, वरातीच्या बँडपेक्षा मोठ्या आवाजात म्हणते. "काय गं, सुटलीस की!" तेव्हा आपण काय सॅलड खायला लागतो? आपण आत्याच्या पाया पडतो आणि जिलबीच्या काउंटरकडे वळतो. कारण आत्याने आपल्याकडे बघितलं, आपल्याला ओळखलं, मागच्या वेळचं आपलं माप तिच्या डोक्यात होतं, हे सगळं त्यात आलं. हाँगकाँगच्या लिफ्टमधल्या त्या मुलीचंही तेवढंच होतं. पण ताईला ते कळायला वर्ष गेलं. भाषा शिकावी लागली.

मी तिच्याकडे महिनाभर राहून आले. फ्रीलान्सरचं एक बरं असतं, डेडलाइन कुठूनही चुकवता येते. ताई दर गुरुवारी संध्याकाळी कँटनीजच्या क्लासला जायची, मी टाइमपास म्हणून दोनदा मागच्या बाकावर बसले. आणि अडकले. म्हणजे आजही मला त्या भाषेत भाजी घेता येत नाही, पण एक गोष्ट मात्र डोक्यात घुसली ती निघत नाही. 'आहे' आणि 'दिसतंय' यांच्यामधली जागा त्या लोकांनी कसली भारी भरून ठेवलीय!

आधी थोडं भाषेबद्दल, कंटाळू नका. हाँगकाँगमधल्या दहांपैकी जवळपास नऊ जणांची रोजची बोली कँटनीज. वर्तमानपत्रात, शाळेच्या पुस्तकात छापलं जातं ते प्रमाण चिनी. बोलतात ते वेगळंच. आपण नाही का, निबंधात 'दिसून येते' लिहितो आणि कट्ट्यावर 'दिसतंय ना' म्हणतो, तसंच, फक्त अंतर कितीतरी जास्त. सूर सहा. एकच 'सी' सहा सुरांत म्हटला की कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि भानगड, असे सहा अर्थ होतात. क्लासमधला ऑस्ट्रेलियन मुलगा या सहा सुरांपुढे अक्षरशः रडकुंडीला आला होता.

आपली मात्र काही बाबतीत चंगळ आहे. कँटनीजमध्ये क आणि ख, त आणि थ, प आणि फुंकर मारलेला प हे वेगवेगळे. आपण तो फरक बालवाडीत घोकलेला. त्यांचा एक च आहे तो आपल्या 'चाक'मधल्या चच्या अगदी जवळचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे ङ! आठवतोय? क ख ग घ च्या शेवटी बसलेला, आयुष्यात कधी कामाला न लागलेला बिचारा ङ. कँटनीजमध्ये 'मी' हा शब्दच ङ ने सुरू होतो. 'ङॉ.' इतकी वर्षं बेकार असलेल्या पोराला परदेशात डायरेक्ट मॅनेजरची पोस्ट मिळावी तसं वाटलं मला. (तिकडची तरुण मंडळी आता ङ गिळून नुसतं 'ऑ' म्हणतात. म्हणजे तिकडेही त्याची नोकरी धोक्यात आहे.)

तर क्लासच्या त्या गुरुवारचा धडा होता, कोण कसं दिसतंय ते सांगा. बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि म्हणून दाखवले. माझ्या कानाला पहिला ऐकू आला 'थाई लोक'. दुसरा, 'हो, छी!'

मी ताईकडे बघितलं. ताईने शप्पथ हसू दाबलं होतं.

'होउ छी' म्हणजे 'सारखं वाटतंय', 'जणू'. 'छी' म्हणजे मिळतंजुळतं असणं. मुलगी आईसारखी दिसते, 'छी'. ती आईसारखी दिसत नाही, 'म् छी'. त्याच्या आधी 'होउ' लावलं की झालं 'असं वाटतंय की'. आभाळ भरून आलं की ते म्हणतात 'होउ छी सॅंग लॉक यू', शब्दशः, आभाळाला पाऊस पाडावासा वाटतोय असं दिसतंय. आभाळाचा मूड ओळखायचा आणि तरीही खात्री द्यायची नाही. आपल्या वेधशाळेने हा शब्द घ्यायला हरकत नाही.

'थाई लोक' म्हणजे खरं तर 'थै लॉक'. 'थै' म्हणजे बघणं, 'लॉक' म्हणजे खाली पडणं. वरच्या पावसातला 'लॉक' तोच. बघायला गेलं तर, दिसायला. माणूस 'थै लॉक' तरुण, म्हणजे दिसायला तरुण. आणि हे फक्त डोळ्यांपुरतं नाही हं. 'थेंग लॉक' म्हणजे ऐकायला, 'सिक लॉक' म्हणजे खायला, 'छॉ लॉक' म्हणजे बसायला. ही खुर्ची बसायला बरी, हा प्लॅन ऐकायला बरा. मराठीत आपण हेच करतो, अगदी हेच. 'दिसायला बरी', 'ऐकायला गोड', 'बोलायला फटकळ'. इंग्रजीत याला धड शब्द सापडत नाही, आपल्याला एक 'ला' पुरतो.

बीजिंगकडची मँडरिन हेच सांगताना 'बघणं' आणि 'वर उठणं' असे शब्द जोडते. म्हणजे उत्तरेकडे इंप्रेशन वर येतं, पाण्यातून बुडबुडा यावा तसं. दक्षिणेत ते खाली पडतं. नजर टाकली, ती जाऊन कुठेतरी टेकली, आणि जिथे टेकली ते दिसलं. मला तर हे दुसरंच जास्त पटतं. फर्स्ट इम्प्रेशन असंच असतं ना? पडतं. मराठीतही छापच 'पडते', कधी चढत नाही.

आणि तिसरा एक आहे, 'थै लै'. हो, 'लै' तोच, कोल्हापूरच्या कानाला बरा वाटणारा. यात नुसतं दिसणं नाही, बघून लावलेला अंदाज आहे. 'थै लै आज काही सहाला निघणं होत नाही.' समोर बॉसने नवीन एक्सेल शीट उघडलीय, त्यावरून. ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही हा शब्द पहिल्या आठवड्यात शिकवायला हवा.

शिवाय त्यांच्याकडे आपला 'सर' आहे. लालसर, आंबटसर, काळसर यातला. रंगाचं किंवा गुणाचं नाव दोनदा म्हणायचं, दुसऱ्यांदा सूर वर चढवायचा आणि पुढे 'तेय' लावायचं. 'हुंग हुंग तेय' म्हणजे लालसर. 'सॉ सॉ तेय' म्हणजे जरासा येडपट. आणि 'फेय फेय तेय' म्हणजे... जाडसर! गुबगुबीत! ताईचं म्हणणं, त्या लिफ्टमधल्या बाईने निदान 'फेय फेय तेय' म्हटलं असतं तर सॅलडचे तीन दिवस वाचले असते.

दिसण्यावरून नाव ठेवण्यात तर हाँगकाँगचा हात कुणी धरू नये. आमचा बराच वेळ 'छा छान थेंग'मध्ये जायचा. हे तिथलं आपल्या इराण्यासारखं हॉटेल. टेबलं खेटून, वेटर घाईत, चहा कडक, आणि नावातच 'छान' आहे. तिथे पायनॅपल बन मिळतो. मी मोठ्या हौसेने मागवला, पहिल्या घासात अननस शोधला, दुसऱ्या घासात शोधला. नाहीच! बनच्या वरचं साखरेचं कवच भाजून तडकतं आणि अननसाच्या सालीसारखं दिसतं, एवढाच त्याचा अननसाशी संबंध. त्याच्या पोटात थंडगार लोण्याची जाड चकती घालून देतात. म्हणजे बन मस्काच की! चहा 'रेशमी स्टॉकिंगचा'. तो ज्या कापडी गाळणीतून गाळतात ती चहाने रंगून रंगून बायकांच्या पायमोज्यासारखी दिसते म्हणून. कुणाला तरी पहिल्यांदा तसं दिसलं, तो बोलून गेला, आणि आता मेन्यूकार्डावर छापतात.

याच हॉटेलात माझा कचरा झाला. तिकडे रस्त्यावर, दुकानात, बाजारात कुणीही कुणालाही 'लेंग लोय' म्हणून हाक मारतं. अर्थ 'सुंदर पोरी'. पुरुषांना 'लेंग चै', देखण्या पोरा. भाजीवाली सत्तर वर्षांच्या आजोबांनाही 'लेंग चै' म्हणते, आपल्याकडे 'बोला शेठ' म्हणतात तसं. पहिल्या दिवशी मासळीवाल्याने मला 'लेंग लोय' म्हटलं तेव्हा मी दिवसभर तरंगत होते. तर त्या हॉटेलात एकदा वेटर माझ्याकडे बघून किचनच्या दिशेने ओरडला, "लेंग लोय, एक!" मी केस सावरले, स्माइल दिलं. ताई म्हणाली, "तुला नाही गं. ती पेज."

पेज. म्हणजे आपली तांदळाची पेज, साधी. शेजारच्या टेबलवरच्या काकांची ऑर्डर. हॉटेलच्या आतल्या बोलीत साधी पेज म्हणजे 'लेंग लोय' आणि पांढरा भात म्हणजे 'लेंग चै'. गोरं गोरं, काही न घातलेलं. मी सावरलेले केस पुन्हा विस्कटले.

आणि हो, जपून. 'लेंग चै'मधला 'लेंग' मधल्या सपाट सुरात म्हणायचा. तो वरच्या पट्टीत गेला तर अर्थ होतो टपोरी पोरगं, मिसरूड न फुटलेला भाई. त्या ऑस्ट्रेलियन मुलाने बिल्डिंगच्या वॉचमनला रोज सकाळी आनंदाने तसंच हाक मारली म्हणे, आठवडाभर.

आता हा 'म्हणे' बघा. मला स्वतःला माहीत नाही, मला कुणीतरी सांगितलं, खरं-खोटं त्याचं तो जाणे, हे सगळं आपण वाक्याच्या शेपटीला दोन अक्षरं लावून सांगतो. जगातल्या बऱ्याच भाषांना त्यासाठी आख्खं वाक्य लागतं. कँटनीजला एक अक्षर लागतं, 'वॉ', खालून हळूच वर चढवलेला. तो आजारी आहे 'वॉ', म्हणजे तो आजारी आहे म्हणे. आणि आपल्या 'म्हणे'मध्ये जो एक बारीक संशय असतो ना, 'आजारी आहे म्हणे, काल मॉलमध्ये दिसला होता', तो संशयसुद्धा त्या 'वॉ'मध्ये जसाच्या तसा आहे. ताईच्या बाईंना इंग्रजीत हा 'वॉ' समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागली, आम्हा दोघींना अर्धा सेकंद. तसाच दुसरा 'क्वा'. 'असेल बुवा' मधला 'बुवा'. तो येईल 'क्वा'. येईल बहुतेक, माझ्यावर ढकलू नका.

इथपर्यंत सगळी मजा. पण ताई काही मजा म्हणून हे शिकली नव्हती.

दिसणं हा तिथे तिच्यासाठी रोजचा मामला होता. मेट्रोत गर्दी असायची आणि तिच्या शेजारची सीट रिकामी राहायची. नेहमी नाही. पण जेव्हा राहायची तेव्हा ती मोजायची. घर शोधताना फोनवर तिचं इंग्रजी ऐकून एजंट खूश असायचे, प्रत्यक्ष भेटल्यावर फ्लॅट 'आत्ताच गेला' असायचा. दोनदा झालं, तीनदा झालं. तिच्या नवऱ्याने सोडून दिलं, म्हणाला, योगायोग. तिने नाही सोडलं. तिकडे एक जुनी म्हण आहे, आधी रेशमी कपड्याला मान, मग माणसाला. ताई म्हणते, कपडे तर मी चांगलेच घालून जात होते. कातडीचं काय करणार?

मग क्लास लागला. वर्षभराने दुसरं घर बघायला गेली, तुंग चुंगला, एअरपोर्टच्या बाजूला. फ्लॅट छान होता. एजंट तिच्यासमोरच मालकिणीशी फोनवर कँटनीजमध्ये बोलत होता, बिनधास्त, हिला काय कळतंय म्हणून. बोलता बोलता त्याने तिच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "थै लॉक केय सी मन." दिसायला तशी सभ्य वाटते.

त्या वेळी तिला काय वाटलं ते तिने मला अजून नीट सांगितलेलं नाही. पुढचं सांगितलं. कँटनीजमध्ये 'आहे'ला म्हणतात 'है'. हो, हिंदीतला वाटावा असाच, योगायोगाने. ती म्हणाली, "म् है थै लॉक. है चन का." दिसायला नाही. खरंच आहे.

एजंट फोन धरून तसाच उभा. पलीकडून मालकिणीने विचारलं, कोण बोललं? त्याने सांगितलं. मग मालकीण हसायला लागली, फोनमधून ऐकू येण्याइतकं. मी महिनाभर राहिले ते याच फ्लॅटमध्ये.

मी म्हटलं, "कसली हिरोइन आहेस तू!" ताई म्हणाली, "हिरोइन कसली, घरी येऊन तासभर थरथरत होते." आणि भाडं काही कमी झालं नाही, हेही तिने लगेच सांगितलं. डोंबिवलीकर शेवटी.

पण मला सांगायची होती ती गोष्ट दुसरीच आहे. ती तिने मला स्टार फेरीत सांगितली. ही स्टार फेरी म्हणजे बेटावरून समोरच्या काउलूनला नेणारी हिरवी-पांढरी बोट. १८८८ मध्ये तिची सुरुवात केली ती आपल्याकडून तिकडे गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. आपल्या भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचला चुलत बहीण म्हणावी अशी ही बोट. दहा मिनिटांत पलीकडे पोचवते. आम्ही त्या संध्याकाळी तीनदा पलीकडे गेलो आणि तीनदा परत आलो.

मराठीत आपण म्हणतो 'मला वाटतं'. आणि म्हणतो 'मला वाटलं'. पहिल्यात माझं मत आहे. दुसऱ्यात बऱ्याचदा फजिती आहे. 'मला वाटलं तू येणार नाहीस', आणि तो समोर उभा. क्रियापद एकच, फक्त काळ बदलला की अर्थ पलटतो. कँटनीजमध्ये क्रियापदाला असा काळ नाही, म्हणून त्यांनी शब्दच दोन ठेवलेत. 'कॉक तक', म्हणजे मला वाटतं. आणि 'यी वै', म्हणजे मला वाटलं होतं, पण चुकीचं निघालं. दोन्हींचा डिक्शनरीत इंग्रजी अर्थ बघितला तर एकच. खड्डा तिथेच आहे.

ताईच्या शेजारच्या डेस्कवर एक सीनियर बाई. चाळिशीच्या, चार वर्षं शेजारी, बोलणं 'प्रिंटर चालू आहे का' एवढंच. कायम टापटीप, कायम हसऱ्या. एक दिवस लाल ड्रेस घालून आल्या. ताईने मनात वाक्य जुळवलं. तिला म्हणायचं होतं, तुम्ही आज अगदी खूश दिसताय. 'खूश'ला शब्द आहे 'होय सम', शब्दशः उघडलेलं हृदय. तर 'मला वाटतं तुम्ही खूश दिसताय' असं काहीतरी. तिने धीर केला, खुर्ची वळवली आणि म्हणाली, "ङॉ यी वै नेय होउ होय सम."

मला वाटलं होतं तुम्ही खूश आहात. (पण तसं नाहीये, कळलंय मला.)

त्या बाईंचा हात माउसवर तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "नेय तिम ची का?" तुला कसं कळलं?

ताईला आपण काय बोललो हेच कळलेलं नव्हतं. ती बिचारी, काही तरी चुकलं म्हणून सॉरी म्हणायला लागली. पण बाई उठल्या, तिला पँट्रीत घेऊन गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्यांची आई दोन महिने हॉस्पिटलमध्ये होती. ऑफिस सुटलं की हॉस्पिटल, हॉस्पिटलमधून घर, सकाळी मेकअप करून पुन्हा ऑफिस. कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारलं नव्हतं कारण त्या 'थै लॉक' मस्त दिसत होत्या. लाल ड्रेस आईला आवडतो म्हणून घातला होता, त्या संध्याकाळी आईचं ऑपरेशन होतं.

"आणि तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार, रडले त्यांच्याबरोबर. निम्मं तर कळतही नव्हतं त्या काय बोलतायत."

चुकीचं क्रियापद होतं हे तिला पुढच्या गुरुवारी क्लासमध्ये कळलं. तिने बाईंना सगळी हकीकत सांगितली. बाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, हे वाक्य मी दुरुस्त करणार नाही.

त्या सीनियर बाईंची आई आता घरी आहे, वॉकर घेऊन चालते. ताई दर महिन्याला त्यांच्याकडे जेवायला जाते. मीही एकदा गेले. आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ताईला काहीतरी म्हणाल्या. ताई खुदखुदली. "काय म्हणाल्या?" "म्हणाल्या, ही तुझ्यासारखी दिसते, पण तू जरा जास्त जाड आहेस." मी ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं. आता ती सॅलड खात नाही. तिने आणखी एक डंपलिंग उचललं.

बोट तिसऱ्यांदा परत निघाली तेव्हा मी सहज म्हणाले, "मला वाटलं तू इथे मस्त मजेत आहेस."

ताई हसली. "हे यी वै झालं."

मी गप्प. मग तिने सांगितलं. पहिली दोन वर्षं ती रोज रात्री भांडी घासताना नळ मोठा सोडायची, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. हे त्या काळातलं, जेव्हा मी मुंबईत लोकलच्या लेडीज डब्यात लोंबकळत तिचे फोटो बघायचे. डोंगर, समुद्र, गगनचुंबी इमारती, ती आणि तिचा गॉगल. मी प्रत्येक फोटोला लाइक ठोकलंय. 'वॉव ताई, जळवते आहेस!!!' अशी तीन-तीन उद्गारचिन्हं दिलीत. मावशी त्या फोटोंच्या प्रिंट काढून शेजारणींना दाखवायची. एवढ्या सगळ्या जणींपैकी एकीनेही कधी चुकून चुकीचं क्रियापद वापरलं नाही.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता बरंय," ती म्हणाली. जरा थांबून, "क्वा."

बुवा. असेल बुवा. ती हसत होती म्हणताना, पण शिकवलेलं मला आता ऐकू यायला लागलं होतं.

मी परत आले त्या रात्री मावशीचा फोन. अजून बॅगासुद्धा उघडल्या नव्हत्या. नेहमीचा प्रश्न, नेहमीच्या घाईत. मागे टीव्हीवर सिरियल चालू होती.

"कशी आहे गं ती?"

तोंडावर 'मस्त आहे' आलं होतं. इतकी वर्षं तेच सांगत आलोय आम्ही सगळे एकमेकींना.

"मावशी, छान दिसतेय," मी म्हटलं.

मागचा टीव्हीचा आवाज बंद झाला.

"दिसतेय म्हणजे?" मावशीने विचारलं.